मायच्या हाताचं माप

मायचा डावा हात मी वहीच्या पानावर ठेवला आणि भोवतीनं पेन फिरवला. मग उजवा. अंगणात शिंगाडे उकळत होते, चुलीतला धूर आमच्याकडेच येत होता आणि माय म्हणत होती, "आता हे का नवीन काढलंस?" मी लाल पेन घेतला. त्या हंगामात जिथं जिथं काटा घुसला, जिथं चिरलं, जिथं सुजलं, तिथं तिथं ठिपका द्यायचा, असं ठरवलं. रविवारी माहेरी यायचं, तिचे हात बघायचे, ठिपके वाढवायचे. पाच आठवडे मी तेवढंच केलं.

त्या पाच आठवड्यांत मला जे कळलं, ते त्याआधीच्या तीन वर्षांत मायसाठी घेतलेल्या चार हातमोज्यांच्या जोड्यांनी कळलं नव्हतं.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या पट्ट्यात. इथं जिकडं जाल तिकडं तलाव. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, पुढं मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपल्यावर सरकारी झालेले. कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, त्याचंच 'मामा तलाव' झालं. तलाव सरकारचे झाले, पाणी धानाला गेलं, आणि पाण्यातलं काम आम्हा ढिवरांकडे राहिलं. मासोळी, शिंगाडा, कमळाचे कंद. माझे बाबा महाजाळ ओढायचे, भाऊ अजून ओढतो. माय शिंगाडा तोडते. मी आरोग्यसेविका आहे, दुसऱ्या तालुक्यातल्या उपकेंद्रात. दिवसभर लोकांच्या जखमा धुते, पट्ट्या बांधते. दिवसाला किती हातमोजे घालते नि फेकते, मोजत नाही. ते पातळ, पांढरे मोजे हातावर चढवताना मला कित्येक वर्षं एकदाही मायचा हात आठवला नव्हता, ही गोष्ट मला अजून टोचते.

शिंगाडा ज्यानं फक्त उपासाच्या पिठात पाहिला आहे, त्याला हे काम डोळ्यांपुढं आणून देते. वेल पाण्यावर तरंगते, पानांचा गोल चक्र पसरलेला असतो आणि फळं त्या चक्राच्या खाली पाण्यात लटकलेली. तोडणारी बाई छातीभर पाण्यात असते, नाहीतर ट्यूबवर किंवा डोंग्यात ओणवी. डाव्या हातानं पानांचा चक्र उचलायचा, उलटा करायचा. उजव्या हातानं चाचपून पिकलेलं फळ खुडायचं आणि कमरेच्या झोळीत टाकायचं. कोवळं सोडायचं, पुढच्या तोड्याला यायचं. प्रत्येक फळाला दोन शिंगं, आणि शिंगाचं टोक बाभळीच्या काट्यासारखं. सकाळी सातला उतरलेली बाई दुपारी वर येते तेव्हा तिनं हजारो फळं हाताळलेली असतात. फळाच्या सालीनं बोटं काळी पडतात, ती हंगाम संपल्यावरही महिनाभर काळीच राहतात.

या सगळ्यात काटा रुतणं म्हणजे जखम नाही. ती मोजायची रीतच नाही. माय कधी म्हणाली नाही, "आज लागलं." ती म्हणायची, "आज चांगला निघाला माल."

मग चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, पेराजवळ, एक गाठ आली. दुखत नव्हती. लालसर-जांभळी, वाटाण्याएवढी. तालुक्याच्या एका दवाखान्यात मलम दिलं. परत गेलो, पुन्हा मलम. तिसऱ्यांदा गोळ्या बदलल्या. तोवर मनगटाच्या वर, दंडाकडं जाणाऱ्या रेषेत आणखी दोन गाठी आल्या. साडेचार महिने गेले, आणि त्या साडेचार महिन्यांत तिथं एकानंही तिला विचारलं नाही, की बाई, तुम्ही काम काय करता? मीही, जी रोज केस पेपरवर 'व्यवसाय' हा रकाना भरते, बोलले नाही. शेवटी नागपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाण्यात असता का? मासोळीचं काम आहे का?"

गाठीचा तुकडा तपासायला गेला. क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ पाण्यात राहतो, मायकोबॅक्टेरियम मरिनम त्याचं नाव. मासोळीला होतो, आणि कातडी फुटलेली असेल तर माणसाच्या हातात शिरतो. त्याला तीस-बत्तीस अंशांची ऊब आवडते, अंगाच्या आतली गरमी त्याला मानवत नाही, म्हणून तो हातापायाच्या थंड कातडीतच राहतो आणि हळूहळू वर सरकतो. शिरल्यावर गाठ दिसायला काही आठवडेसुद्धा लागतात, तोवर कुठला काटा होता ते कोणाला आठवत असतं! मायला चार महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. गाठी गेल्या. बोट पूर्ण वाकत नाही, ते राहिलं.

त्यानंतर मी हातमोजे घ्यायला सुरुवात केली.

पहिली जोडी घरातच सापडली. बहीण यवतमाळकडं दिली आहे, जावई कापूस करतात. 2017 च्या हंगामात त्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतर गावोगाव मास्क, चष्मा, हातमोजे यांची भाषा सुरू झाली आणि विदर्भाच्या खेड्यात शेतमजुराच्या हातात पहिल्यांदा मोजे दिसायला लागले ते बहुतेक तेव्हाच. जावयांकडून आलेली ती लांब, कोपरापर्यंतची रबरी जोडी मी मायला द्यायला निघाले होते. भावानं अडवलं. "फवारनीचे मोजे तलावात? मासोरी मरंल ना." त्याचं खरं होतं. कापसावर मारायची कितीतरी औषधं मासोळीला थेंबाथेंबानं मारतात, आणि रबराच्या आत, शिवणीत, मनगटाच्या घडीत औषध बसलेलं असतं ते साबणानं जात नाही. एकदा फवारणीला वापरलेला मोजा फवारणीचाच. तो मासोळीला, शिंगाड्याला, भाकरीला लावायचा नाही. हे मी आता उपकेंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, कारण खेड्यात कुठलीच वस्तू टाकून देत नाहीत आणि तो मोजा पुढं कुठं ना कुठं निघतोच.

तशीच नवी, कोरी जोडी आणली. माय पाण्यात उतरली, कोपरापर्यंत हात घातला आणि मोज्यात पाणी भरलं. लांब मोज्याचं हेच होतं. पाणी काठाच्या वर गेलं नाही तोवर हात कोरडा, आणि एकदा काठ बुडाला की दोन्ही हातांना दोन घागरी बांधल्यासारखं. बाहेर काढावा तर ओढून निघत नाही. डोंग्यातून माणूस पडला आणि हाताला असे भरलेले मोजे असले तर काठ धरणंही जड जाईल. खोल पाण्यात, नावेवर, असा सैल लांब मोजा मी कोणाला घालू देणार नाही.

दुसरी जोडी बाजारातली, सुती विणीची, तळव्यावर रबराचे बारीक ठिपके असलेली. गवंडी, हमाल वापरतात ती. तीस रुपयांना मिळते. काट्याला ती काही अडवत नाही, विणीच्या भोकातून टोक सरळ आत. शिवाय सूत पाणी पितं, दिवसभर ओलं राहतं. ओल्या कापडात पाच तास कोंडलेल्या हाताची कातडी पांढरी, भुसभुशीत होते आणि अशा कातडीला साधी घासही पुरते. पट्ट्या बांधणाऱ्या माझ्यासारखीला हे सांगायला कोणी लागायला नको होतं.

तिसरी जोडी जाड कातड्याची. ती भिजली, उन्हात वाळली आणि लाकूड झाली. त्याबद्दल जास्त लिहायला नको.

चौथी जोडी मी नागपुरातून आणली, चांगल्या दुकानातून, पैसे मोजून. मोज्याच्या पाठीवर हातोड्याचं एक चिन्ह होतं, खाली चार आकडे आणि एक अक्षर. दुकानदारानं समजावलं. हा युरोपचा ईएन 388 नावाचा निकष. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा पात्यानं कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा, आणि शेवटचं अक्षर कापण्याच्याच दुसऱ्या, कडक चाचणीचं. टोचण्याला जास्तीत जास्त चार गुण, आणि या मोज्याला चार होते. मी खूश. काट्याचा प्रश्न मिटला.

पहिल्याच दिवशी शिंगाड्याचं टोक आत गेलं.

मी पुन्हा दुकान गाठलं, पुन्हा विचारलं, मग स्वतः वाचत बसले. टोचण्याची ती चाचणी ज्या दांड्यानं घेतात तो साडेचार मिलिमीटर जाडीचा, पुढं बोथट टोकाचा पोलादी दांडा असतो. म्हणजे खिळा, लोखंडाचा तुकडा, तारेचं टोक यांच्यासाठी ते गुण. सुईसारखं बारीक टोक विणीच्या धाग्यांना तोडत नाही, त्यांना बाजूला सारून आत जातं. शिंगी मासोळीचा काटा, मांगूर मासोळीचा काटा, गळाचं टोक, शिंगाड्याचं शिंग, हे सगळं त्या चाचणीच्या बाहेरचं. आकडा खोटा नव्हता, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

आणि त्याच दिवशी माय ते बोलली, ज्यामुळं मी वही काढली. मोजे काढून डोंग्याच्या काठावर ठेवत ती म्हणाली, "आंधरी झाली मी यानं. पान्यात डोरे काय कामाचे, बाई? पान्यात हातच डोरे असतेत."

मी काठावर बसून तिचा उजवा हात पाहत राहिले. पानांच्या खाली तो दिसत नव्हता, दंडाच्या हालचालीवरून कळत होता. अंगठा आणि पहिलं बोट फळाच्या कुशीला लागतं, दाबतं, क्षणभर थांबतं. पिकलेलं फळ देठापाशी सैल असतं, कोवळं चिकटून असतं, सडलेलं मऊ लागतं. हा सगळा निवाडा त्या दोन बोटांच्या टोकांवर, एका श्वासात होतो. पाण्यात सुरकुतलेली तिची बोटं मला नेहमी केविलवाणी वाटायची. पण त्या सुरकुत्या पाणी आत मुरून पडत नाहीत, मज्जातंतू आतल्या रक्तवाहिन्या आवळतात तेव्हा पडतात, म्हणूनच ज्याच्या बोटाचा मज्जातंतू तुटला त्याचं बोट पाण्यात सुरकुतत नाही. 2013 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात काही माणसांना ओल्या गोट्या उचलून द्यायला सांगितलं, तेव्हा सुरकुतलेल्या बोटांनी ते काम लवकर झालं. पाण्यात उतरल्यावर हात स्वतःच आपली पकड बदलून घेतो. आणि मी त्याच्यावर चार जोड्या चढवून त्याला थिजवलं होतं.

आता त्या ठिपक्यांचं सांगते.

पाच आठवड्यांनी डाव्या हाताच्या चित्रावर एकतीस ठिपके होते. उजव्यावर नऊ. मला उलटं वाटलं होतं, कारण तोडतो तो उजवा. पण डावा हात न बघता चक्राखाली घुसतो, सगळा भार उचलतो, पलटी मारतो, आणि लटकलेल्या फळांची शिंगं त्याच्या तळव्यात आणि बोटांच्या बगलेत घुसतात. करंगळीच्या बाजूच्या गादीवर तर ठिपक्यावर ठिपका होता. उजव्यावरचे नऊही बोटांच्या टोकांवर नव्हते. टोकं सावध असतात. ते होते अंगठ्याच्या मुळाशी आणि मधल्या बोटाच्या पाठीवर, जिथं शेजारचं फळ न सांगता लागतं. जिथं पूर्वी गाठ आली होती, तिथंच.

म्हणजे मायच्या दोन हातांना एक जोडी लागत नव्हती. डाव्याला चिलखत हवं होतं, त्याला बघायचं काहीच नाही. उजव्याला पाठीवर आणि मुळाशी आडोसा हवा होता, आणि दोन बोटांची टोकं उघडी.

माप आम्ही कधी घेतलंच नव्हतं. दुकानात 'फ्री साइज' म्हणतात आणि ती साइज पुरुषाची असते. हाताचं माप काढायचं म्हणजे अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींवरून तळव्याभोवती टेप फिरवायचा. जितके इंच, तितका नंबर. आठ इंच म्हणजे आठ नंबर, दोनशेतीन मिलिमीटर. बाजारात येतात ते नऊ आणि दहा. मायचा तळवा सातला थोडा कमी भरला. दोन नंबर मोठा मोजा बोटांच्या पुढं अर्धा इंच लोंबतो. ते लोंबणारं टोक जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात, अडकतं, पकड सुटू नये म्हणून हात जास्त आवळावा लागतो, आणि संध्याकाळी बाई म्हणते, मोजा घातला की मनगट दुखतं. मग सगळे म्हणतात, बायांना सवय नाही.

डाव्या हातासाठी शेवटी जे जमलं ते असं. आत अंगासरशी बसणारा, सहज कापला न जाणाऱ्या धाग्याच्या विणीचा मोजा. हा धागा म्हणजे एक प्रकारचं पॉलिथिलीनच, पण त्याचे रेणू अतिशय लांब आणि एका दिशेनं ताणलेले, त्यामुळं वजनाच्या मानानं पोलादापेक्षा मजबूत. पाणी पीत नाही, आणि पाण्यापेक्षा हलका असल्यानं नुसता धागा तरंगतो. त्यावर नायट्राइल या कृत्रिम रबराचा जाड, खरबरीत थर दिलेला आणखी एक मोजा, मनगटाला घट्ट विणीचा. पाणी आत येतं, येऊ दे. आलेलं पाणी हलत नाही, तर ते अंगाच्या गरमीनं कोमट होतं. निओप्रीनचे मोजे याच तत्त्वावर चालतात, त्यांच्या फुगीर जाडीत वायूचे बारीक बुडबुडे असतात आणि आत अडकलेलं पाणी ऊब धरतं. डिसेंबरात गोंदियाचं पहाटेचं तापमान दहाच्या खाली उतरतं तेव्हा मला निओप्रीनचा मोह झाला होता. पण काट्यापुढं ते मऊ पडतं.

दोन थरांतूनही एखादा काटा जातोच. मात्र आता जातो तो टोकभर जातो. पूर्वी मोडून आत राहायचा, तो आता मोज्यात मोडतो. सगळा फरक तेवढाच, आणि मला तेवढा पुरे आहे.

भावाचं काम निराळं, म्हणून त्याचं दुखणं निराळं. महाजाळ ओढताना भिजलेला नायलॉनचा दोर तळव्यातून सरकतो आणि कातडी भाजते. खरंच भाजते, घर्षणाची आग ती. तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याचं, जाळं सोडवताना बोटांच्या सांध्यात बारीक चिरा पडतात, ब्लेडसारख्या, आणि त्या मिठाचं पाणी लागल्यासारख्या झोंबतात. त्याला तळव्यावर जाड आणि बोटं अर्धी असलेला मोजा चालला, शिडाच्या नावा चालवणारे वापरतात तसा. अंगठा आणि पहिल्या बोटाचं टोक मोकळं, गाठ सुटते, दोराची ओढ कळते. जाळ्यातून मासोळी काढायची झाली की तो मोजा आधी पाण्यात बुडवतो. रोहू, कतला लहान असेल तर परत सोडायचं असतं, आणि कोरड्या खरबरीत मोज्यानं तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. तो थर तिची कातडीच आहे, तो गेला की तिला बुरशी धरते. हे त्याला मी सांगितलं नाही, बाबांनी सांगितलं होतं, मोजे नव्हते तेव्हा. "ओल्या हातानं धर, कोरड्यानं नाई."

आमचे मामा गोसेखुर्दच्या पाण्यावर मोटरची नाव चालवतात. वैनगंगेवरचं ते धरण, 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेलं, त्याच्या फुगवट्यात आता नदी ओळखू येत नाही, एवढं पाणी. मामांना मी हौसेनं एक जोडी दिली. दोन महिन्यांनी ते एकच मोजा घेऊन आले. मोटर चालू असताना झाकण काढून काहीतरी बघत होते आणि सैल बोटाचं टोक फिरत्या चाकात गेलं. मोजा सैल होता म्हणून हातातून ओढून निघाला, हात वाचला. घट्ट असता तर बोटासकट गेला असता, आणि मापाचा असता तर टोक लोंबून आत गेलंच नसतं. दोन्ही खरं. पण त्याहून खरं म्हणजे फिरणाऱ्या यंत्राजवळ मोजा घालायचाच नाही. मोटर, पंखा, दोर गुंडाळणारं चाक, यांच्याजवळ जाताना मोजे काढून कमरेला. मामा आता तसंच करतात. त्या दिवसाचं आठवलं की अजूनही माझ्या पोटात खड्डा पडतो, कारण तो मोजा मी दिला होता.

शिंगीचं थोडं सांगायलाच हवं, कारण पावसाळ्याच्या सुरुवातीला उपकेंद्रात येणारे निम्मे हात तिनं मारलेले असतात. शिंगी आणि मांगूर यांच्या छातीच्या पंखापाशी दोन्हीकडं एकेक काटा असतो, तो ताठ करून कुलूप लावल्यासारखा अडकवतात. त्याच्याशी विषाच्या ग्रंथी असतात. शिंगीचं विष तर माणसाला रडवतं, दंडापर्यंत कळ जाते. लोक चुना लावतात, बर्फ लावतात. करायचं ते उलटं. ते विष प्रथिनाचं असतं, उष्णतेनं मोडतं. साधारण पंचेचाळीस अंशांचं, सोसवेल तेवढंच गरम पाणी भांड्यात घ्यायचं, आधी दुसऱ्या, न लागलेल्या हातानं तपासायचं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, आणि अर्धा ते दीड तास हात त्यात ठेवायचा. मग आत काटा मोडून राहिलाय का बघायचं, साबणानं खळखळून धुवायचं, आणि धनुर्वाताची सुई पाच वर्षांच्या आत झाली नसेल तर घ्यायची. कळ कमी झाली म्हणजे काम झालं असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी तिथं गाठ दिसली, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं, मी पाण्यात काम करते. त्यांनी विचारायची वाट बघायची नाही. मी पाहिली, आणि मायचं बोट वाकत नाही.

मोजे वाळवणं हीसुद्धा शिकायची गोष्ट निघाली. पहिल्या आठवड्यात माय ते जाळ्याबरोबर उन्हात टाकायची आणि नायट्राइलला तडे जायचे. आता घरी आलं की साध्या पाण्यात साबण लावून धुते, उलटे करते आणि पडवीत सावलीला तुराटीच्या दोन काड्यांवर उभे करते. बोटं वर. दुरून पाहिलं तर कोणीतरी दोन्ही हात वर करून उभं आहे असं वाटतं. एक दिवस उलटे न करता ठेवले तर आतून जो वास येतो, तो मोजा पुन्हा घालवत नाही.

उजव्या हाताचा मोजा मी आणलाच नाही. तो मायनं केला. डाव्याच्या जोडीला आलेला उजवा मोजा पडून होता. एका रविवारी गेले तर ती पडवीत विळा पायाखाली धरून बसली होती. मोज्याच्या अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं टोक तिनं पहिल्या पेराशी कापलं होतं आणि काठावर काळ्या दोऱ्यानं टाके घालत होती, उसवू नये म्हणून. मधल्या बोटावर, पाठीकडून, ट्यूबच्या रबराचा एक तुकडा लावून शिवला होता. ठिपक्यांचं पान तिला मी दाखवलं होतं, पण तुकडा कुठं लावायचा ते मी सांगितलं नव्हतं. तो तुकडा बरोबर जुन्या गाठीवर बसला होता. मोजा हातात चढवून तिनं अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, पाण्यात फळ दाबतात तसं.

"आता दिसते," ती म्हणाली.

मागच्या आखाजीला माहेरी गेले तेव्हा तिनं लुगड्याच्या घडीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत सुतळीचे तुकडे होते, अकरा. प्रत्येकाला दोन गाठी. तलावात तिच्यासोबत उतरणाऱ्या बायांनी आपापल्या तळव्याभोवती सुतळी फिरवून गाठी मारून दिल्या होत्या. कोणाची कोणती ते कळावं म्हणून एकीला लाल चिंधी, एकीला बांगडीचा तुकडा, एकीला नुसती तिसरी गाठ बांधलेली. दोघींनी दोन्ही हातांच्या वेगवेगळ्या दिल्या होत्या, कारण एकीची बोटं एका हाताची चारच आहेत, आणि दुसरी डावखुरी आहे.

मी शिवणाचा टेप घेऊन ओट्यावर बसले आणि एकेक सुतळी ताणून मोजायला लागले. पावणेसात. साडेसहा. सात. सव्वासहा, ही चिंधीवाली, ती पंधरा वर्षांची आहे आणि यंदा पहिल्यांदा उतरणार आहे. साडेसहा. माय शेजारी बसून नावं सांगत होती आणि मी त्याच वहीत, तिच्या हातांच्या चित्रांच्या मागच्या पानावर, लिहून घेत होते.